पऱ्हाटीतली साखर
(परभणी येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, मराठवाड्यात इंधनावर बोलायचे तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचा मोठा भाग आजही उसाच्या रसातून, मळीतून आणि धान्यातून येतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ते दिवस ज्यांनी पाहिले, त्यांची जीभ उसाच्या इंधनाला ‘हरित’ म्हणताना अडखळल्याखेरीज राहणार नाही. म्हणून आज माझा विषय कोरडवाहू रानातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडे, आणि त्यांतून काढता येणारे इथेनॉल हा आहे.

वेचणी संपली की आपण पऱ्हाट्या उपटतो, काही चुलीसाठी रचतो आणि उरलेल्या बांधावर पेटवून देतो. या काडीत साखर आहे, पण ती कुलूपबंद आहे. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. अशा अनेक माळा एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात, त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोजचे वेष्टण असते आणि या साऱ्याला लाकडासारखा कडकपणा देणारे लिग्निन त्यात मुरलेले असते. कडबा गाय खाते, पऱ्हाटीला ती तोंड लावत नाही, यामागे हे लिग्निनही आहे. त्यामुळे आधी वाफ आणि सौम्य आम्ल वापरून काडी उकलावी लागते.

पुढचे काम विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. त्या कुजक्या कापडावर सापडलेली ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी आज सेल्युलोज फोडणाऱ्या विकरांच्या उत्पादनाचा कणा आहे. एल्विन रीज आणि मेरी मँडल्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तिच्यावर दीर्घकाळ काम केले. सुरुवात कापड वाचवण्याच्या चिंतेतून झाली आणि शेवट कापडासारखेच सेल्युलोज फोडण्याच्या विद्येत झाला. (बीजप्रक्रियेसाठी आपण वापरतो ती ट्रायकोडर्मा हिचीच चुलत बहीण.) ही बुरशी एकट्या विकरावर विसंबत नाही. एक विकर माळ मधूनच तोडते, दुसरे तुटल्या टोकापासून मण्यांची एकेक जोडी सोडवत जाते आणि तिसरे त्या जोडीचे दोन सुटे मणी करते. तिसरे कमी पडले की जोड्या साचतात आणि साचलेल्या जोड्या आधीच्या विकरांचेच हात बांधतात. ट्रायकोडर्मा रीसीत नेमके हेच तिसरे विकर तोकडे असते, म्हणून तिच्यात दुसऱ्या बुरशीचे जनुक बसवण्याचा मार्ग काढण्यात आला.

ग्लुकोज हाती आल्यावर यीस्ट त्याचे काय करते, हे आपल्याकडे सांगायला व्याख्यात्याची गरज नाही. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल मिळते. बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. खरी अडचण हेमिसेल्युलोजमधून निघणाऱ्या झायलोजची आहे, कारण ही पाच कार्बनची साखर नेहमीच्या यीस्टला पचत नाही. फ्लोरिडा विद्यापीठात लॉनी इंग्रॅम यांनी १९८७ साली उलट बाजूने वाट काढली: दोन्ही साखरा खाणाऱ्या ई. कोलाय जिवाणूत त्यांनी झायमोमोनास या जिवाणूची इथेनॉल बनवणारी जनुके घातली. त्या कामाला १९९१ मध्ये मिळालेले अमेरिकी पेटंट बरोबर पन्नास लाखावे होते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी मात्र यीस्टलाच शिकवायचे ठरवले आणि हत्तीच्या लिदीतून मिळालेल्या एका बुरशीचे जनुक त्या यीस्टमध्ये बसवले.

जनुक बदललेला जीव म्हटले की सभागृहात कुजबुज होते, ती आताही झाली. आपल्या काळ्या रानात बीटी कापूस उघड्यावर उभा राहू लागला तो २००२ पासून. हे यीस्ट बंद टाकीत राहते. टाकीतून बाहेर पडणारे सांडपाणी सोडण्याआधी त्यातले जीव मारले जातात की नाही, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे.

पानिपतला भाताच्या पेंढ्यावर चालणारा इंडियन ऑइलचा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रार्पण झाला. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल, हे त्याचे घोषित उद्दिष्ट. म्हणजे टनामागे दीडशे लिटर, आणि त्या प्रत्येक लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा. पेंढ्याच्या गाठी बांधता येतात. पऱ्हाटी फांद्यांची असल्याने भरलेल्या ट्रॉलीत निम्मी हवाच असते, त्यामुळे ती शेतातच बारीक करावी लागेल, तीही बोंडअळीच्या धास्तीने रान रिकामे करण्याची घाई असते त्याच थोड्या आठवड्यांत. उपटणाऱ्या मजुराची मजुरी या हिशेबात धरता येईल. पण चुलीसाठी फुकट मोळी नेणाऱ्या बाईला उद्या तीच पऱ्हाटी विकत घ्यावी लागली, तर तो खर्च कोणत्या रकान्यात मांडायचा, हे कारखान्याची जागा ठरण्याआधी ठरवावे लागेल.