सरवा

ज्वारीची काढणी उरकली की मराठवाड्यातल्या रानांत बायका मागे राहिलेली कणसे वेचीत फिरत, आणि त्या वेचणीला सरवा म्हणत. मराठी बायबलातही हाच शब्द आला आहे. लेवीयाच्या पुस्तकात शेतमालकाला बजावले आहे, की शेताच्या कडेचे पीक झाडून कापू नका, मागे पडलेला सरवाही वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. खळ्यावरून दोन पायल्या दान द्या, असे तेथे म्हटलेले नाही. शेत तुमच्या नावावर असले तरी त्याच्या कडेवर तुमचा हक्क चालत नाही, असे ते सांगणे आहे.

याच सरव्यावर बायबलातली रूथ जगली. मवाबातून विधवा सासूबरोबर आलेली, स्वतःही विधवा आणि त्यात परकी. ती ज्या बेथलेहेमात आली, त्या नावाचा अर्थ भाकरीचे घर असा आहे. प्रवचनांतून तिची गोष्ट बहुधा सासूसुनेच्या मायेची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातला मजुरीचा तपशील तितकाच बारकाईने लिहिलेला आहे: शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना तिच्या अंगाला हात लावू नका म्हणून ताकीद देतो, पेंढ्यांतून मुद्दाम चार कणसे गाळायला सांगतो, आणि संध्याकाळी तिने झोडलेले जव सुमारे एक एफा, म्हणजे त्या काळच्या धान्यमापाने एक माप, भरतात.

मराठवाड्यात ही शिकवण जमिनीच्या प्रश्नाशी लवकरच येऊन भिडली. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे जालन्यास आले, मांग समाजातील लोकांमध्ये त्यांनी काम केले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल हे गाव वसवले. ज्यांना गावकुसात जागा नव्हती, त्यांच्यासाठी नुसती प्रार्थना पुरेशी नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आज हा प्रश्न सर्वांत उघडा दिसतो तो बीड जिल्ह्यात. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पावसाळ्यात मुकादमाकडून घेतलेली उचल त्यांना हंगामभर घाम गाळून फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या बाईचा अर्धा कोयता. पहाटे चारला कोपीपुढे, म्हणजे झोपडीपुढे, चूल पेटते, भाकरी थापून होईतो अंधार असतो, आणि दिवसभर तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवण्याचे काम पुष्कळदा रात्रीपर्यंत चालते. एक दिवस पडून राहिले, तर खाडा लागतो आणि दंड कापला जातो.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली असल्याचे आढळले. दुखणे आणि डॉक्टरचा सल्ला ही कारणे होतीच, परंतु पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, ही गोष्टही त्या आकड्यामागे उभी आहे.

बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असा नियम आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला असतो. त्याच अध्यायात जाते गहाण घेण्याची मनाई आहे, कारण जाते नेणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे. उचलीच्या व्यवहारात सूर्य मावळण्याचा हिशेब उरत नाही; पैसे आधीच खर्च झालेले असतात, आणि अंग पुढच्या पाच-सहा महिन्यांसाठी बांधलेले असते.

तरीही उसाच्या फडात सरव्यासारखे एक काहीतरी शिल्लक आहे. ऊस तोडताना शेंड्याकडचा जो हिरवा पाला निघतो, त्याला वाढे म्हणतात. बायका त्याच्या पेंढ्या बांधून वैरण म्हणून विकतात आणि आठवड्याच्या बाजाराचे मीठ-तेल त्या पैशांतून येते. मुकादमाच्या वहीत हे पैसे चढत नाहीत. काही फडांवर मात्र शेताचा मालक त्या पेंढ्यांतलाही वाटा मागतो.