आषाढ, मायकी आणि सहा अक्षरं

(मेलबर्न इथे आमच्या मंडळाच्या आषाढी मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. साबुदाण्याची खिचडी वाढायच्या आधी मला बोलायला उभं केलंत, याबद्दल कार्यकारिणीचे आभार. खिचडीनंतर कविता ऐकायचं त्राण कुणात उरत नाही, हा माझा सात वर्षांचा अनुभव आहे.

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ‘कवी’ म्हटलं. ते जरा दुरुस्त करतो. मी शहरातल्या एका रुग्णालयाच्या औषध भांडारात साठा मोजतो. किती खोकी आली, किती गेली, कुठल्या औषधाची एक्सपायरी जवळ आली, हे बघणं माझं काम. कवितांचाही साठा मी असाच लिहून ठेवतो. आजची शिल्लक सांगतो: ११ वह्या, २४० च्या आसपास कविता, त्यांतल्या ठेवण्यासारख्या १९. पुस्तक नाही. दिवाळी अंकांकडून साभार परत आलेल्या कवितांचा वेगळा रकाना आहे, तो आज वाचत नाही.

सात वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये गणपतीच्या कार्यक्रमात मी पहिल्यांदा कविता वाचली. श्रावणावर होती. हिरवळ होती, प्राजक्ताचा सडा होता, कुणाचे तरी पैंजणही होते. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, मला आठवतंय. नंतर चहाच्या टेबलापाशी काकू आल्या. काकू म्हणजे कोण ते तुम्हाला ठाऊक आहे, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, नाव घेतलं तर रागावतील. तिकडे शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून इथे मुलाकडे आलेल्या. म्हणाल्या, “वाचलंस छान. पण बाहेर आठ डिग्री आहे, तू दोन स्वेटर घालून उभा आहेस. हा श्रावण कुणाचा रे?”

मला राग आला. मुळशीचा माणूस मी, मला पाऊस माहीत नाही? आमच्याकडे आषाढात भाताची लावणी चालते तेव्हा दिवसदिवस समोरचा डोंगर दिसत नाही. मेलबर्नला अख्ख्या वर्षात साधारण ६५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आपल्या या पश्चिमेच्या उपनगरांत त्याहूनही कमी. तिकडे ताम्हिणीच्या बाजूला आषाढातल्या एखाद्या जोरदार आठवड्यातच तेवढा पडून जातो. म्हणजे श्रावण माझाच होता की! पण रात्री कविता पुन्हा वाचली, तेव्हा त्यात मुळशीसुद्धा नव्हती. आमच्या दारात प्राजक्त कधीच नव्हता. होतं ते शेवग्याचं झाड. प्राजक्त मी पाठ्यपुस्तकातून उचलला होता.

इथे तर पंचांगच उलटं. आषाढ-श्रावणात थंडी, चैत्रात पानगळ, आणि दिवाळीला कंदील लावायचा तर अंधाराची वाट बघत रात्री साडेआठपर्यंत थांबावं लागतं. मराठी कवितेतले ऋतू जसेच्या तसे घेतले की इथे प्रत्येक ओळ खोटी पडते. हे कळलं, पण मग लिहायचं काय ते कळेना. वर्षभर काही लिहिलं नाही.

तेव्हा काकूंनी माधव जूलियन यांचं ‘छंदोरचना’ माझ्या हातात ठेवलं. वृत्त, जाती, छंद, सगळी चिरफाड त्यात आहे. म्हणाल्या, “तू मोजणारा माणूस आहेस. मोजून बघ.” बाकीचे कवी मुक्तछंदातून मोकळे होतात, मी उलटा वृत्तात शिरलो.

सुरुवात भुजंगप्रयातानं केली, कारण ते कानात होतंच. मनाचे श्लोक आपण सगळ्यांनी लहानपणी म्हटलेत, ते २०५ च्या २०५ याच वृत्तात आहेत. ओळीत बारा अक्षरं, लघु-गुरू-गुरू असे चार गण. आता जरा उजवा हात वर करा. अंगठा सोडला तर चार बोटं. प्रत्येक बोटाला तीन पेरं. आजी जप करायची तसा अंगठा पेरांवरून फिरवा: लगागा, लगागा, लगागा, लगागा. एका बोटावर एक गण, चार बोटांत ओळ पुरी. हे मला साडेपाचच्या गाडीत, टार्नीटहून शहरात जाताना लक्षात आलं, आणि शेजारच्या बाईंना वाटलं असेल की हा माणूस फार देवभक्त दिसतो.

पहिली ओळ जमली ती अशी: ‘नवे गाव माझे, नवे रान माझे’. मोजून बघा, एक पेर चुकलेलं नाही. आणि ओळीत काही म्हणजे काहीही नाही. कुठलं गाव? कुठलं रान? टार्नीटला रान कुठे आहे?

मग एकदा सकाळी धुकं पडलं होतं, गाडी फलाटावर नुसती उभी. लिहिलं: ‘धुक्याच्या फलाटी उभी रेलगाडी’. वाटलं, आता झालो आपण कवी. काकूंनी पेन्सिलीनं ‘रेलगाडी’खाली रेघ मारली आणि विचारलं, “घरी बायकोला काय सांगतोस? रेलगाडी चुकली म्हणून?” खरं होतं. गण भरायला मी हिंदी सिनेमातली गाडी आणली होती. मग केलं, ‘धुक्याच्या फलाटी उभी ट्रेन आहे’. गण तेच, अक्षरं तेवढीच. ‘फलाटी’ अजून जरा जुनाट आहे, पण ट्रेन आपली आहे. वृत्तामुळे कविता कृत्रिम होते असं पुष्कळांकडून ऐकलं होतं. माझ्या बाबतीत उलट झालं. मुक्तछंदात भरतीचा शब्द खपून जातो. वृत्तात तो कुठे बसवलाय ते बोट ठेवून दाखवता येतं.

एक गंमत सांगतो, शुद्धलेखनाची. गाडी चुकल्यावरच एक ओळ ‘गाडी उशीरा’ अशी संपवली होती. गणात चोख बसते. पण ‘उशीर’ दीर्घ असला तरी ‘उशिरा’ ह्रस्व. सामान्यरूपात तो ‘शी’ आखडतो, आणि माझा गुरू लघु होऊन बसतो. कवींना सूट असते म्हणे. काकूंनी दिली नाही.

गझलेचं थोडक्यात उरकतो. रदीफ, काफिया, अलामत, गझलेच्या यमकाचं सगळं शिकलो. आधी काफियांची, म्हणजे यमकाच्या शब्दांची, यादी करायचो, मग एकेका काफियाला शेर लटकवायचो. आठ महिन्यांत साठ शेर झाले, आणि सगळ्यांत मी एकटाच, उदास, मद्य न पिणारा. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असावा लागतो. माझ्याकडे साठ शेर सांगण्याइतकं काही नव्हतं. तो साठा मी मोडीत काढला.

अभंगापाशी मात्र थांबलो, आणि अजून तिथेच आहे. मोठा अभंग: सहा, सहा, सहा, चार. लघु-गुरूची कटकट नाही, नुसती अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. चौथा चरण आखूड, तिथे ओळ पायरी चुकल्यासारखी खाली येते. गेल्या वर्षी आषाढातच, पहाटे सव्वापाचला दाराबाहेर आलो तर गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा. खरवडायला हाताशी काही नाही. खिशातून मायकी, म्हणजे इथलं ट्रेनचं तिकीट-कार्ड, काढलं आणि त्याच्या कडेनं काच खरवडायला लागलो. बोटं बधिर झाली. स्टेशनवर पोचेपर्यंत हे झालं होतं:

पहाटेची पाळी
काचेवरी हीव
थरथरे जीव
हातामध्ये

मायकीची कड
खरवडे काच
आषाढाचा जाच
असा येथे

‘हीव’ हा शब्द मी पंचवीस वर्षांत वापरला नव्हता. आजी म्हणायची, हीव लागतंय, घोंगडी घे. ‘थंडी’ चारदा घालून बघितली, यमक मिळेना, आणि ‘जीव’ला जोड शोधताना तळातून आजीचा शब्द वर आला. काकूंना दाखवलं तेव्हा त्यांनी पेन्सिल उचललीच नाही. एवढंच विचारलं, “मायकी म्हणजे तेच ना, मी सारखं हरवते ते?”

घरी मात्र भांडण झालं. लेक नऊ वर्षांची, इथल्या शाळेत टाळ्या वाजवून शब्दांचे तुकडे मोजायला शिकलेली. तिला म्हटलं, बघ, ‘मायकीची कड’, सहा. तिनं टाळ्या वाजवल्या: माय, की, ची, कड. चार. “बाबा, यू आर चीटिंग.” मी म्हणतो सहा, ती म्हणते चार. दोघंही बरोबर! बोलताना आपण ‘कड’मधला शेवटचा अ गिळतो, ‘माय’मधलाही गिळतो. कागदावर अक्षरं सहा, तोंडात चार. तिला हे समजावणं मला जमेना. शेवटी चाल लावून म्हणून दाखवलं, भजनात म्हणतात तसं लांबवत. मा-य-की-ची-क-ड. ती मांडीवर टाळ्या देत होती. सहा झाल्या. म्हणाली, “म्हणजे गायल्यावर लेटर्स परत येतात?” मी हो म्हटलं. मग तिनं ‘हीव’चा अर्थ विचारला, आणि आता थंडीच्या दिवसांत शाळेला निघताना ती ‘बाबा, हीव’ म्हणते. जॅकेट मात्र घालत नाही.

हायकूचाही एक प्रयोग करतो आहे. मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी. जपानी परंपरेत त्यात ऋतूची खूण लागते, आणि तिथेच माझं पंचांग आडवं आलं. इथल्या वसंताची खूण काय? पहिल्यांदा सवयीनं पळस लिहिला. मग सप्टेंबरात खाडीकाठी फिरताना वॉटल फुललेला पाहिला, पिवळे गोंडे, आणि पाय थबकले. ही तर आपली बाभूळ! वॉटल बाभळीच्याच कुळातला. आमच्या बांधावरची काटेरी, गरीब बाभूळ, आणि तिची ही इकडची बहीण इथलं राष्ट्रीय फूल होऊन बसली आहे. त्यावरचा हायकू अजून जमला नाही. जमला तो दुसऱ्याच खुणेवर. वसंतात मॅगपाय पक्षी डोक्यावर झेप घेतात म्हणून लोक हेल्मेटला प्लॅस्टिकच्या पट्ट्या साळिंदरासारख्या उभ्या लावतात, ते तुम्ही बघितलंच असेल:

डोक्यावर काटे लावून
पोस्टमन निघाला
वसंत आला

मला काहींनी सवयींबद्दल बोलायला सांगितलं होतं. सवय अशी फार नाही. जाताना गाडीत चार ओळी, येताना झोप. शनिवारी कपडे वाळत घातले की आठवड्याच्या ओळी काढून बसतो आणि बहुतेक खोडतो. वहीच्या शेवटच्या पानावर एक्सपायरी झालेल्या शब्दांची यादी आहे: प्राजक्त, सांजवेळ, पाऊलवाट, पैंजण. हे शब्द वाईट नाहीत. माझ्याकडे ते फार दिवस पडून होते, एवढंच. शेवगा यादीत नाही. आणि लिहिलेलं मोबाइलवर रेकॉर्ड करून गाडीत ऐकतो, कारण डोळ्याला जे खपतं ते कानाला खपत नाही.

ऐकण्यावरून आठवलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर येत असतात, पुष्कळशा मुळशी-मावळातल्या बायकांच्या. मी त्या गाडीत ऐकतो. त्या बायकांनी कुणी अक्षरं मोजली नव्हती. जात्याचा फेरा मोजत होता. आणि मी ऐकलेल्या ओव्यांत बायका बहुतेक रोजच्या, पाहिलेल्या गोष्टींवर गातात: भाऊ, सासर, पाटी, बैल, लेकीचं पोलकं. अकरा वह्या भरून मी जिथवर आलो, तिथून त्यांची सुरुवात आहे. जरा लाज वाटते.

तर सध्याची अडचण सांगतो आणि खिचडीची वाट मोकळी करतो. त्या काचेच्या अभंगाला तिसरं कडवं हवं आहे. आषाढ म्हटल्यावर इकडचा आला, तिकडचाही यायला हवा ना? तीन चरण झालेत:

पौडाच्या शेतात
लावणीची घाई
चिखलात आई

पुढे चार अक्षरं. ‘उभी आहे’ लिहिलं. बसतं. पण खोटं आहे. आई गेली पाच वर्षं शेतात उतरलेली नाही, खाचरं वाट्यानं दिली आहेत. ‘मला दिसे’ लिहिलं. तेही खोटं, मला दिसतो तो फोनवर तिचा अर्धा चेहरा आणि छताचा पंखा. परवा तिलाच वाचून दाखवलं. हसली. म्हणाली, “मी कुठं आता चिखलात? गुडघं बघ की माझं. बाईला खुर्चीत बसव.” पण ‘खुर्चीत आई’ पाचच अक्षरं होतात. आणि ‘घाई’ला यमक हवं म्हणून ‘आई’ तर शेवटीच राहायला हवी. म्हणजे तिच्या आधी चार अक्षरं हवीत, खुर्ची ठेवून, आणि नंतर पुन्हा चार.

काकूंनी आज सकाळी मेसेज केला आहे, ‘खुर्चीवर आई’ घे, सहा होतात. होतात खरी. मग शेवटची चार?