राखाडी रेघ: साखळीच्या गॅरेजात बुलेटचे व्हॉल्व्ह घासताना

(दृश्य: ओला रस्ता. पत्र्याच्या छपराचं गॅरेज, आत एकच बल्ब. टेबलावर उपडं ठेवलेलं सिलिंडर हेड.)

श्रावणातली सकाळ. साखळीत, वाळवंटी नदीपासून हाकेच्या अंतरावर हे गॅरेज आहे. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की माइकमध्ये दुसरं काही येतच नव्हतं. त्यामुळे पुढे जे आवाज तुम्ही ऐकाल, ते सगळे दोन सरींच्या मधल्या उघडिपीत टिपलेले आहेत.

ते आवाज फार बारीक आहेत. पोलादावर पोलाद फिरतं, मध्ये चिमूटभर पेस्ट असते, तेवढाच आवाज. बुलेट म्हटलं की सगळ्यांना तिची धडधड आठवते. मला मात्र तुम्हाला हा दुसरा आवाज ऐकवायचा आहे, कारण धडधडीचा जोर इथे ठरतो.

(दृश्य: गाडीचं पुढचं मडगार्ड. काळा रंग खरवडलेल्या जागी खालचा पिवळा दिसतो.)

ही गाडी माझ्या मामांची. तीनशे पन्नासची बुलेट. गोव्याबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, आमच्याकडे मोटरसायकलच्या टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात आणि त्याच्या गाडीचं पुढचं मडगार्ड पिवळं असतं. मामा म्हापशाच्या स्टँडवर पायलट होते. शुक्रवारच्या बाजाराला आलेल्या बायका पाठीमागे बसायच्या, मांडीवर कणगांची किंवा मिरच्यांची पिशवी. धंदा सोडल्यावर मामांनी मडगार्ड काळं करून घेतलं. नंबर मात्र अजून ‘जीडी’ने सुरू होणारा, गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाचा. गोवा वेगळं राज्य झालं ३० मे १९८७ रोजी. गाडी त्याच्याही आधीची.

बुलेटचं हे इंजिन इंग्लंडमधल्या रेडिचचं. १९५५ पासून मद्रासला त्याची जुळणी होऊ लागली, पुढे सगळे भाग इथेच बनायला लागले. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७० मिलीमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० मिलीमीटर, ३४६ सीसी. एक सिलिंडर आणि त्याच्या वरच्या झाकणात, म्हणजे हेडमध्ये, दोन व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा. एकातून पेट्रोल-हवा आत येते, दुसऱ्यातून जळलेला वायू बाहेर जातो. त्याच स्टँडवर राजदूत आणि येझदीही असायच्या. त्या टू-स्ट्रोक, त्यांच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नाहीत. त्यामुळे आज मी जे दाखवणार आहे ते काम त्या गाड्यांच्या मिस्त्रींना कधी करावंच लागलं नाही.

(दृश्य: किकवर पाय. किक अडखळत नाही, सरळ खाली जाते.)

दोन वर्षांपूर्वी मी ही गाडी एका गॅरेजात दिली होती. हेड उघडून व्हॉल्व्ह घासून देतो म्हणाले, दिले. चार महिन्यांत किक मऊ पडली. बुलेटच्या किकला एक जागा असते. तिथे पाय अडतो, खालून कोणी धरून ठेवल्यासारखा. ती जागाच नाहीशी झाली. चढावर गाडी दम टाकायची, सायलेन्सरमधून फटाके फुटायचे. मी मामांना काही बोललो नाही. गाडी गोठ्यात लावली आणि वर ताडपत्री टाकली.

मग साखळीच्या या गॅरेजातल्या काकांचं नाव कळलं. पूर्वी ते खनिजाच्या ट्रकांची इंजिनं उघडायचे. सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह, आणि सगळे हाताने घासायचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, ट्रक उभे राहिले, काका मोटरसायकलींकडे वळले. ते कोकणीत बोलतात, मी मराठीत ऐकतो. आमच्याकडे अशाच गप्पा होतात. व्हॉल्व्हला ते ‘वॉल’ म्हणतात.

हेडला हात लावण्याआधी काकांनी गाडी ऐकली. किक हळूहळू दाबत ठेवायची आणि दाब कुठून निसटतो त्याकडे कान लावायचा. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर आतला व्हॉल्व्ह गळतोय. सायलेन्सरच्या तोंडाशी आली तर बाहेरचा. क्रँककेसच्या ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीच्या श्वासनळीतून, आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. नंतर त्यांनी प्लग काढला, भोकातून चमचाभर ऑइल सोडलं, पुन्हा किक मारली. ऑइलने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात. किकचा जोर वाढला असता तर दोष रिंगांचा ठरला असता. तो वाढला नाही. काकांनी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला आणि मला म्हणाले, हात लाव. वाफेवर धरल्यासारखी बारीक झुळूक लागली.

(दृश्य: बाहेरचा व्हॉल्व्ह, अगदी जवळून. कडेला खाच.)

हा तो व्हॉल्व्ह. कडा पाहा, उंदराने कुरतडल्यासारखी. इंजिन पळताना हा लालबुंद होण्याइतका तापतो. गार व्हायला त्याला मुख्य वाट एकच, ती म्हणजे बंद असताना सीटला, म्हणजे हेडमधल्या त्याच्या गोल बैठकीला, टेकणं. टेकला की अंगातली उष्णता सीटमधून हेडमध्ये आणि हेडच्या पंखांतून वाऱ्यावर जाते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि २५ वेळा टेकतो. टेकण्यात केसाएवढी जरी फट राहिली तरी तिथून जाळाची धार सुटते आणि ती कड कापत जाते.

मग फट कशी पडली? काकांनी सीटवरून बोट फिरवलं आणि मलाही फिरवायला लावलं. व्हॉल्व्ह सीटवर बसायच्या ऐवजी खड्ड्यात उतरला होता. आधीच्या माणसाने जाड पेस्ट घेऊन खूप वेळ घासलं होतं. व्हॉल्व्ह खोल गेला की त्याची दांडी तेवढीच वर येते. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारे भाग, घट्ट होतात. ते पुन्हा जुळवले नाहीत तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं. ज्या कामाने दाब धरायला हवा होता, त्याच कामाने तो गेला.

मला वाटलं, नवा व्हॉल्व्ह आणू, लगेच घासायला बसू. कॅमेराही लावून ठेवला होता. काका म्हणाले, “आयज न्हय. पयलीं गायड, मागीर सीट, मागीर वॉल.” म्हणजे आज नाही, आधी गाइड, मग सीट, मग व्हॉल्व्ह.

गाइड म्हणजे ज्या नळीतून व्हॉल्व्हची दांडी वरखाली होते ती. तिच्यात दांडी हलत असेल तर व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी टेकणार, मग कितीही घासा. आमचं बाहेरचं गाइड झिजलेलं होतं. हेड गरम करून नवं ठोकलं. गाइड बदललं की त्याचा मध्य थोडासा सरकतो, म्हणून सीट नव्याने कापावी लागते. ४५ अंशाच्या कटरने मुख्य कड कापली, वरून आणि खालून वेगळ्या कोनाच्या कटरने ती अरुंद केली. यात दोन दिवस गेले. ते मी तुम्हाला दाखवत नाही. दाखवायचं आहे ते तिसऱ्या दिवसाचं काम.

(दृश्य: पेस्टची डबी. लाकडी दांडी, टोकाला रबराची वाटी. काकांचे तळवे.)

डबीला दोन्हीकडून झाकण असतं. एका बाजूला जाड पेस्ट, दुसऱ्या बाजूला बारीक. ग्रीसमध्ये कार्बोरंडमचे कण. सीट नुकतीच कापलेली असल्यामुळे काकांनी जाडीकडचं झाकण उघडलंच नाही. बारीक पेस्ट करंगळीच्या टोकावर घेतली आणि व्हॉल्व्हच्या कडेवर तीन-चार ठिपके दिले. गंध लावावं इतके. व्हॉल्व्हच्या दांडीला मात्र ऑइल लावलं. पेस्टचा एक कण जरी गाइडमध्ये शिरला तरी तो नवं गाइड खात बसेल.

रबराची वाटी पाण्याचा थेंब लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर चिकटवली. मग लाकडी दांडी दोन तळव्यांत धरून फिरवायची, रवीने ताक घुसळतात तशी. अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. एकाच दिशेला गरगर फिरवलं तर कण त्याच त्या वाटेने जातात आणि गोल चरे पडतात. आठ-दहा वेळा घुसळायचं, व्हॉल्व्ह उचलायचा, पाव फेरा वळवून पुन्हा टेकवायचा. उचलल्याने कडेला गेलेली पेस्ट परत मध्ये येते. वळवल्याने प्रत्येक जागेची गाठ दुसऱ्या प्रत्येक जागेशी पडते.

(पाऊस थांबलेला. फक्त घासण्याचा आवाज. वीस सेकंद निवेदन नाही.)

ऐकलंत? सुरुवातीला खर्र खर्र होतं. आता ते सुळसुळ व्हायला लागलं. कण मोडले, पेस्ट मेली. काका याच क्षणी थांबतात. घड्याळ नाही, मोजणी नाही. मी विचारलं, आणखी थोडं घासलं तर? त्यांनी जुन्या सीटमधला तो खड्डा आठवून दिला, बोलले काही नाही.

मग पांढऱ्या फडक्याने पुसलं. फडकं पांढरंच हवं, हा या गॅरेजचा नियम आहे. आता पाहा, व्हॉल्व्हच्या चकचकीत कडेवर एक राखाडी रेघ उमटली आहे. पाटी ओल्या बोळ्याने पुसून वाळली की तिचा जो रंग दिसतो, तोच. रुंदी तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी. ही रेघ कुठेही तुटता कामा नये. पहिल्या खेपेला एका जागी चमक राहिली होती, नखाच्या टोकाएवढी. तिथे व्हॉल्व्ह आणि सीट एकमेकांना भेटलेच नव्हते. पुन्हा तीन ठिपके, पुन्हा घुसळण. दुसऱ्या खेपेला रेघ पूर्ण मिळाली. सीटवरही तीच रेघ, तेवढीच रुंद. आता हा व्हॉल्व्ह या सीटचा झाला. दुसऱ्या कुठल्याही सीटवर तो असा बसणार नाही.

शाळेतल्या पेन्सिलीने काकांनी सीटवर आडव्या दहा-बारा रेघा मारल्या, व्हॉल्व्ह टेकवून पाव फेरा वळवला. उचलला तेव्हा प्रत्येक रेघ मधोमध पुसली गेली होती. आतल्या व्हॉल्व्हचंही असंच केलं. तो सोपा गेला, तो थंड पेट्रोल-हवेत राहतो, त्याची कड शाबूत होती.

धुण्याला घासण्यापेक्षा जास्त वेळ गेला. आधी रॉकेल, मग पेट्रोल, मग साबणाचं गरम पाणी. गाइडमधून जुन्या लुंगीची पट्टी ओढून काढायची, पायजम्यात नाडी ओवतात तशी. पाचवी पट्टी पांढरी निघाली तेव्हा काका समाधान पावले. पूर्वीच्या दिवसांत, ते सांगत होते, खनिजाची तांबडी धूळ एअर फिल्टरमधून आत जायची आणि इंजिन आपणच स्वतःला घासत बसायचं. तशी झिजलेली बारा-बारा सीटं त्यांनी पाहिली आहेत. म्हणून पेस्टच्या एका कणालाही ते इतके जपतात.

(दृश्य: हेड उपडं. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले, वर रॉकेल भरलेलं. दिवेलागण.)

स्प्रिंगा आणि लॉक चढवून, प्लग लावून, हेड उपडं ठेवलं आणि ज्वलनाच्या खोबणीत रॉकेल भरलं. रॉकेल फार पातळ, फट असेल तर ते शोधून काढतंच. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी मी बॅटरी घेऊन दोन्ही पोर्टांत, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वाटांत, वाकून पाहिलं. कोरडे.

हेड चढवणं, नट एकमेकांसमोरचे थोडे थोडे आवळत जाणं, हे सगळं तासाभरात झालं. शेवटी टॅपेट. इंजिन थंड असताना पुशरॉड, म्हणजे टॅपेटचा धक्का वर नेणारा रॉड, बोटांनी सहज फिरायला हवा, पण वरखाली हलता कामा नये. काकांनी तो फिरवला, मला फिरवायला दिला, मग स्वतः आणखी एकदा फिरवून झाकण लावलं.

(दृश्य: कदंब बसमधून उतरणारे मामा. छत्री. गॅरेजकडे येणारी पावलं.)

मामांना मी फोन केला होता, पण गाडीत काय बिघडलं होतं ते तेव्हाही सांगितलं नव्हतं. ते आले, मडगार्डवरच्या पिवळ्या डागावरून अंगठा फिरवला. पेट्रोल अजून टाकायचं होतं. मामांना आता पायाने किक झेपत नाही. ते उजव्या बाजूला वाकले आणि किक हाताने खाली दाबू लागले. अर्ध्यात ती अडली. त्यांनी अंगाचा भार टाकला. सायलेन्सरकडे आवाज नाही, कार्बोरेटरकडे नाही. किक हलेना.

मामांनी तिच्यावरचा हात तसाच ठेवला, माझ्याकडे पाहिलं.

“धरलां,” ते म्हणाले.