अभियंता उड्या का मारत होता?

पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव ‘जॉब शॅडोइंगचा पुरेपूर फायदा कसा घ्यावा’ असं छापलंय. नाव मी दिलेलं नाही, पण आलोच आहे तर त्यावरही बोलेन. आधी हात वर करा: जॉब शॅडोइंग, म्हणजे एखाद्या कामाच्या माणसामागे सावलीसारखं दिवसभर फिरून त्याचं काम बघणं, हे केलेले किती जण आहेत? वा, बरेच आहेत. आता ज्यांचा अर्धा दिवस थंडगार खोलीत कंपनीच्या माहितीच्या स्लाइड बघण्यात गेला, त्यांनी हात खाली घ्या. बघा, उरले किती? तीन! आणि त्यातल्या एकाला बहुधा प्रश्न ऐकू आला नसावा.

ही माझी जुनी तक्रार आहे. इंटर्नशिपमध्ये तुमच्या गळ्यात काम असतं, शॅडोइंगमध्ये ते नसतं. तुम्ही फक्त बघायचं. डोळे इतके मोकळे पुन्हा आयुष्यात कधी मिळत नाहीत, आणि त्या डोळ्यांसमोर आपण स्लाइड धरतो! सावलीला कुणी खुर्ची देऊन बसवतं का?

अर्थात, खरी संधी मिळाली तेव्हा मी तरी काय दिवे लावले, ते सांगतो. शिकत असताना एका स्ट्रक्चरल इंजिनिअरमागे मी एक दिवस फिरलो. सकाळी साइटवर स्लॅब भरायचा होता. सळया बांधून झालेल्या, काँक्रीटची गाडी वाटेत. मला मात्र स्लॅबच्या कडेला, फळीवर उभं केलेलं. (का, ते नंतर सांगतो.) साहेब सळयांच्या जाळीवरून चालत सज्जापाशी गेले आणि तिथे त्यांनी चक्क दोन उड्या मारल्या. मग खाली वाकून बघितलं, मुकादमाला हाक मारली. मुकादम गाडीचं कारण सांगत होता, हे मान हलवत होते. काम तासभर थांबलं.

आणि त्या तासात मी काय केलं? वहीत लिहिलं: स्लॅबची जाडी, सळईचा व्यास, काँक्रीटची ग्रेड. अक्षर सुंदर होतं हो! संध्याकाळी त्यांनी वही मागितली, चाळली आणि म्हणाले, ‘‘हे सगळं नकाशात आहे. तू कशाला आलास?’’

मग त्यांनीच समजावलं. सज्जा भिंतीतून बाहेर लोंबतो, म्हणून त्यात ताण वरच्या बाजूला येतो आणि मुख्य सळई वर लागते. कामगारांच्या पायाखाली ती दबून खाली बसते. 125 मिलिमीटर जाडीच्या सज्जात ती 25 मिलिमीटर जरी खाली गेली, तरी ताकद जवळपास पाव हिश्शाने घटते. एकदा काँक्रीट पडलं की बाहेरून काही कळत नाही. उड्या होत्या त्या यासाठी: सळई खालच्या आधारांवर नीट टेकली आहे की पायाखाली दबते आहे? नकाशात सळई वरच होती. दबलेली सळई कागदावर दिसत नाही, आणि मला वाटलं होतं, साहेब बुटांना लागलेली माती झटकताहेत.

तेव्हापासून माझं एक वेड आहे. शॅडोइंगला गेलेल्या मुलाने फक्त एवढंच टिपावं: हा माणूस कुठे थांबला? कुठे त्याने कामाची घडी मोडली? बाकी...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? मला वाटलं होतं पंधरा आहेत. असो, छापलेला विषय आता धावत घेतो.

जाण्याआधी त्या क्षेत्राची पुस्तकी माहिती वाचून जा, म्हणजे ती विचारण्यात यजमानाचा वेळ जाणार नाही. यजमानाला आधीच कळवा: मला बैठकीत बसवू नका, तुमच्या नेहमीच्या, कंटाळवाण्या दिवशी बोलवा. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच संस्थांच्या प्रमुखांमागे प्रत्येकी आठवडाभर फिरून नोंदी केल्या, 1973 मध्ये त्यावर पुस्तक आलं. प्रमुख शांत बसून योजना आखत असतील असा समज होता. प्रत्यक्षात त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत उरकलेली. तेव्हा फोन, कुणीतरी दारात डोकावणं, अर्धवट राहिलेलं पत्र यांना व्यत्यय समजू नका, नोकरी तीच आहे.

प्रश्न विचारताना ‘तुम्ही निर्णय कसे घेता?’ असं विचारू नका. 1980 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी आग विझवणाऱ्या पथकांच्या प्रमुखांना अशा धर्तीचं काही विचारलं, तर उत्तर आलं, आम्ही निर्णय घेतच नाही! वर्षानुवर्षांच्या सरावाने त्यांना काय करायचं ते थेट दिसत होतं. एकेका आगीची हकीकत तपशिलाने विचारली, तेव्हा कुठे त्यामागचं गणित उलगडलं. म्हणून तुम्हीही ‘मघाशी तुम्ही तिथे का थांबलात?’ असं विचारा. मात्र ऐन गर्दीत नको, काम ओसरल्यावर.

रुग्ण, अशील, ग्राहक यांची नावं वहीत लिहू नका. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. नोंदी त्याच रात्री पुन्हा लिहा. आभाराच्या पत्रात दिवसातली एक नेमकी गोष्ट घाला. नुसतं ‘खूप शिकायला मिळालं’ कुणीही लिहितं.

आणि हो, मला फळीवर का उभं केलं होतं ते राहिलंच. मी चपला घालून गेलो होतो. जाळीवर चढायची परवानगीच नव्हती. घ्या, आता प्रश्न विचारा.