निगेटिव्ह बोलायचं नाही

(दृश्य: रविवार सकाळ. सोलापूरच्या पूर्व भागातली गल्ली. बंद दारांआडून यंत्रमागांचा खडखडाट.)

या गल्लीत मागांची रात्रपाळी संपत आलेली असायची, तेव्हा आम्ही शेजारच्या मंगल कार्यालयात टाळ्या वाजवायला जमायचो. उसना टाय लावून. स्टेजवर कुणीही आलं की सगळ्यांनी उभं राहायचं.

मी तेवीस वर्षांचा होतो. बीकॉम झालेला, टॉवेलच्या कारखान्यात वह्या लिहिणारा. चाळीतल्या मित्रानं नेलं. धंदा साधाच: साबण-पावडर घ्यायची, आपल्याखाली माणसं जोडायची. पण मी पावडरसाठी थांबलो नाही. पहिल्या रविवारी तिथल्या माणसांनी माझं नाव विचारलं, आणि दुसऱ्या रविवारी ते त्यांच्या लक्षात होतं. कारखान्यात दोन वर्षं काढून मी 'ए वहीवाले' होतो.

(दृश्य: गिरण्यांची जुनी छायाचित्रं.)

हे सोलापुरात समजून घ्यायला हवं. इथली जुनी मिल 1877 सालची. पुढं गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पगार गेला, हे सगळे सांगतात. पण भोंग्याबरोबर पाळीचे सोबती गेले, डबा वाटून खाणं गेलं, युनियनची सभा गेली. आपलं म्हणावं असं ठिकाण गेलं. ती जागा रिकामी राहत नाही.

आमच्या सभेत एक शब्द फार चालायचा, 'निगेटिव्ह'. कमिशन कसं मोजता, असं विचारलं की निगेटिव्ह. बायको आजारी म्हणून आला नाहीस, निगेटिव्ह. मित्र म्हणाला, यात पैसे बुडतील, तर तो मित्रच निगेटिव्ह; त्याचा नंबर काढून टाक.

रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं चीनमधल्या सक्तीच्या 'विचारसुधारणे'तून बाहेर पडलेल्या माणसांशी हाँगकाँगमध्ये बोलून 1961 साली अशा वातावरणाची आठ लक्षणं मांडली. त्यातलं एक भाषेचं आहे. एखादा ठरावीक शब्द टाकला की विचार तिथंच थांबतो. तो तुरुंग आणि आमचं मंगल कार्यालय एकच, असं मी म्हणणार नाही. आमच्या दाराला कडी नव्हती. तरी तो शब्द ऐकला की मी खाली बसायचो.

आणि जितकं सोसलं, तितकं ते खरं वाटत गेलं. एलियट ॲरॉन्सन आणि जडसन मिल्स यांनी 1959 मध्ये 63 विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. गटात प्रवेश देण्यापूर्वी काहींना फार लाजिरवाणी परीक्षा द्यायला लावली. नंतर सगळ्यांना एकच रटाळ चर्चा ऐकवली. ज्यांना प्रवेशासाठी जास्त सोसावं लागलं, त्यांना ती चर्चा जास्त चांगली वाटली. मी हे वाचलं तेव्हा मला ते टायसकटचे रविवार आठवले.

(दृश्य: गड्ड्याची यात्रा. नंदीध्वज.)

भक्ती म्हणजे हे, असं कुणी समजू नये. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घातलेली माणसं नंदीध्वज पेलत चालतात. शिस्त कडक, श्रद्धा त्याहून मोठी. पण यंदा आला नाहीस म्हणून तुझ्याशी बोलणं बंद, असं कुणी करत नाही.

बोलणं बंद करतात ते दुसरीकडं. 'हे ऑफिस नाही, कुटुंब आहे' म्हणणाऱ्या एका ठिकाणी मी नंतर नोकरी केली. सुट्टीच्या दिवशी साहेबांच्या घरच्या कार्याला राबायचं. जो नोकरी सोडेल तो गद्दार. त्याच्या लग्नाला कुणी गेलं नाही. मागावरचा कामगारही मालकाच्या उचलीत अडकतो. पण ती उचल वहीत लिहिलेली असते, कधीतरी फिटते. या उपकारांची वही कुठंच नसते.

कायदे आहेत. पैशांच्या साखळी योजनांवर 1978 पासून बंदी आहे, थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड चालवायला 2021 च्या नियमांनी मनाई केली. जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा 2016 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण चहाच्या टपरीवर चार दोस्तांनी पाठ फिरवली, तर त्याची तक्रार कुठं करणार? मी बाहेर पडलो तेव्हा ज्यानं मला नेलं होतं, तो एवढंच म्हणाला, "सोडलास म्हणं, का बे?" उत्तर ऐकायला तो थांबला नाही. नऊ वर्षं झाली.

(दृश्य: उंबऱ्याशी बसलेली बाई. मांडीवर सूप, विड्या वळणारे हात.)

माझी आत्या विड्या वळते. मजुरी हजारावर मोजली जाते. दिवसभर मान खाली. तिनं साठवलेले आठ हजार मी त्या धंद्यासाठी मागितले. पैसे देण्याआधी तिनं हातातलं पान खाली ठेवलं. किती मिळतील, हे विचारलं नाही. ती म्हणाली, "उद्या नको वाटलं तर सोडून येता येतंय का रे तिथनं?"

मी म्हणालो, "आत्या, निगेटिव्ह बोलू नकोस."