एका चित्रातला डाग, दोन डोळ्यांचा प्रश्न

[दृश्य: पिवळट पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी डकवलेली दोन छायाचित्रं]

ही जुनी त्रिमिती जोडी: एक चित्र डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. ती दुरुस्त करून मोठ्या पडद्यावर दाखवायची आहे. दोन्ही सारखीच वाटतात? नीट बघा. डाव्या चित्रात खांबाच्या डावीकडची खिडकी पूर्ण दिसते, उजव्या चित्रात ती खांबाआड थोडी दडते. एवढ्याशा फरकावरून काय जवळ, काय दूर हे मेंदू जोखतो. इंग्लिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी हे १८३८ मध्ये दाखवून दिलं, तेही हाताने काढलेल्या आकृत्यांवर. छायाचित्रणाचा शोध जाहीर व्हायला अजून वर्ष होतं! पुढे अमेरिकन डॉक्टर-लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचा हातात धरायचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप, म्हणजे अशी जोडी त्रिमितीत दाखवणारं भिंगांचं साधन, आला आणि लोक बसल्या जागी पिरॅमिड पाहू लागले.

[दृश्य: स्क्रीनवर मोठं केलेलं स्कॅन, आकाशात बुरशीचा डाग]

आता हा डाग. साधा फोटो असता तर शेजारचं आकाश ओढून झाकला असता. इथे तो फक्त डाव्या चित्रात आहे. त्रिमितीत पाहिलं की तो एका डोळ्याला दिसतो, दुसऱ्याला नाही, आणि नजर तिथेच अडखळते. सुदैवाने साक्षीदार शेजारीच आहे. डावीकडे जे झिजलं, ते बहुतेक वेळा उजवीकडे शाबूत असतं. पण ते आहे त्याच जागी आणून चिकटवता येत नाही. जवळच्या आणि दूरच्या वस्तू दोन चित्रांत कमीजास्त सरकलेल्या असतात. हे अंतर चुकलं, तर दुरुस्त केलेला गाल चेहऱ्यात खड्डा पडल्यासारखा आत जातो.

म्हणूनच एकेक चित्र सुटं घेऊन आपोआप भरून देणाऱ्या सॉफ्टवेअरपासून जपावं. ते डावीकडे एका तऱ्हेची पानं रचतं, उजवीकडे भलतीच. झाड लुकलुकायला लागतं. दोन्हीकडे तपशील गेला असेल, तर माझ्या मते ओरखडा तसाच ठेवावा.

काही जोड्यांत तर छापतानाच डावं चित्र उजवीकडे आणि उजवं डावीकडे लागलेलं असतं. मग डोंगर झाडाच्या पुढे येतो. यावर उपाय सोपा, अदलाबदल.

[दृश्य: संग्रहालयाचं दालन, मोठा पडदा]

खरी कसोटी पडद्यावर. माणसाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण ६५ मिलिमीटर. क्षितिजावरच्या एकाच बिंदूच्या दोन प्रतिमा पडद्यावर याहून लांब गेल्या, तर डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं, आणि ते त्यांना सहज जमत नाही. प्रेक्षक त्रिमितीचा चष्मा काढून कपाळ चोळतो. पुठ्ठ्यावर चोख जुळलेली जोडी त्यामुळे प्रत्येक पडद्याच्या रुंदीप्रमाणे पुन्हा जुळवावी लागते.