पाऊल कुठे पडतं?

निसर्गस्थळांवरच्या गर्दीचा विषय निघाला की आपण आधी कचऱ्यावर येतो. बाटल्या, पिशव्या, खडकांवर कोरलेली नावं. त्याची चीड मलाही येते. पण कचरा उचलता येतो. दबलेल्या मातीचं तसं नाही, म्हणून आज मी पावलांबद्दल बोलणार आहे.

पावसानंतरची एखादी पायवाट डोळ्यांसमोर आणा. मधोमध चिखल. पहिला माणूस बूट वाचवायला कडेच्या गवतावरून जातो, दुसरा त्याच्या मागून. गवत आडवं होतं, माती घट्ट बसते, पाणी मुरेनासं होतं आणि तिथेच नवा चिखल होतो. तो चुकवायला पुढचा आणखी बाहेरून जातो. हातभर रुंदीच्या वाटेवरून बघता बघता चार माणसं खांद्याला खांदा लावून चालू लागतात. यातल्या एकानेही जाणूनबुजून काही वाईट केलेलं नसतं, हे लक्षात घ्या.

पावलांचा परिणाम मोजणाऱ्या अभ्यासकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. नाजूक झाडोऱ्याचं बरंचसं नुकसान सुरुवातीच्या थोड्या पावलांतच होऊन जातं. पुढे माणसं वाढली तरी ते त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे ‘गर्दी पांगवा’ हा चटकन सुचणारा उपाय अशा ठिकाणी उलटा पडतो. तिथे एकच पक्की वाट हवी, दगडांची किंवा फळ्यांची, आणि सगळ्यांनी तीच धरायला हवी. अमेरिकेत युटाच्या वाळवंटात वाळूवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. तो जिवंत असतो! सायनोबॅक्टेरियांचे, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंचे, सूक्ष्म धागे वाळूचे कण बांधून धरतात, सोबत शेवाळ आणि दगडफूल वाढतं. एका पावलाने तो मोडतो. पुन्हा धरायला कित्येक वर्षं, कधी दशकं जातात.

समुद्रात हेच काम नांगर करतो. थायलंडच्या एका बेटावरची माया बे ही खाडी २००० साली एका हॉलिवूडपटामुळे जगभर पोहोचली. रोज हजारो माणसं, बोटी थेट खाडीत, नांगर प्रवाळावर. जून २०१८ मध्ये ती बंद केली. प्रवाळाची लागवड झाली, काळ्या टोकाच्या परांचे शार्क उथळ पाण्यात परतले. जानेवारी २०२२ मध्ये खाडी उघडली तेव्हा बोटींना आत बंदी होती. बोटी बेटाच्या मागच्या बाजूला लागतात, माणसं तिथून चालत येतात. एका वेळी ३७५ जणांची मर्यादा घातली, तिचीच चर्चा जास्त झाली. माझ्या मते दार मागे नेलं हा त्याहून मोठा निर्णय होता. बंदीच्या काळात बोटवाल्यांनी काय खायचं, हा प्रश्न मात्र बंदी घालण्याआधीच सोडवायला हवा. त्यांच्या मदतीशिवाय कुठलीही जागा राखता येत नाही.

तुमच्यापैकी जे अशा जागा सांभाळतात त्यांना एक विनंती आहे. पहिल्या जोरदार पावसानंतर स्वतः वाटेवरून चालून या. माणसं जिथे वाट सोडतात तिथे खूण करा आणि फळ्या सगळ्यात आधी तिथे टाका.